झेंडूच्या हाराखालचा सर्व्हर

आला ना बापा वास! सकाळी खिडकी उघडली अन पहिले नाकाले समजलं, मंग डोळ्याले. आमच्या दिग्रसच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्या सुरू झाल्या का हवेत एक वास येते. कोरडा, उन्हात टाकलेल्या उशीसारखा, थोडा सरकीचा, थोडा धुळीचा. बाहेर पाहा तर बाभळीच्या काट्याकाट्याले पांढरे पुंजके लटकलेले. गाडी वळणावर झाडाले घासून जाते अन झाड आपला वाटा ठेवून घेते. विजेच्या तारेवर कापूस, चहाटपरीच्या ताडपत्रीवर कापूस, कुत्र्याच्या शेपटीले बी कापूस. रात्रीतून कोणी सारं गावच पिंजून ठेवलं असं वाटते.

आता हा वास आला का मले काय आठवते सांगू? हसू नका. मले एक डब्बा आठवते. जुन्या कॉम्प्युटरचा काळा डब्बा, एका बाजूनं पोचा आलेला, त्याच्यावर झेंडूचा जाडजूड हार. अन बाजूच्या खुर्चीवर माह्या याडीची लाल वाकळ. याडी म्हणजे माय, आमच्या बंजाऱ्यांच्या गोर बोलीत. घरी आमी तीच बोली बोलतो, पण इथं सगळ्यांले समजलं पाहिजे म्हणून तिचं बोलणं बी मराठीतच सांगते.

तर तो हंगाम.

माही परीक्षा संपलती, यवतमाळची खोली सोडून मी तांड्यावर परत आलती, अन हातात नोकरी नव्हती, फक्त उत्साह होता, तो बी पोतंभर. गावाबाहेर जिन आहे. कापूस एका दारातून आत जाते, आत सरकी वेगळी, रुई वेगळी होते, अन दुसऱ्या दारातून रुईच्या गाठी निघतात. पण आत जायच्या आधी गेटबाहेर गाड्यांची रांग. पिकअप, ट्रॅक्टर, एखादी बैलबंडी. नंबर जाऊ नये म्हणून लोक तिथंच झोपत, गाडीखाली, पोत्यावर, जिथं जागा भेटन तिथं. बापू, म्हणजे माहा बाप, वावरात राहे, उरलेल्या कपाशीत डुकरं शिरू नये म्हणून. त्याच्यामुळं गाडीसोबत याडी जाये. सोबत पाण्याची कॅन, भाकर, अन तिची ती लाल वाकळ, चारी काठाले तिनंच आरसे अन कवड्या लावलेली. थंडीत उघड्यावर, नाकातोंडात कापसाचे तंतू. घरी आली का संक्रांत होऊन जाये तरी खोकला जात नव्हता. मी लहान होती तेव्हा मले वाटे खोकला बी हंगामातच पिकते, कपाशीसंग.

मले वाटलं, कायले? नंबर मोबाईलवर काहून येऊ नये? घरून नाव लावा, पाळी जवळ आली का मेसेज येईन, तेव्हा गाडी काढा. किती सोपं! मी उड्या मारत जिनाच्या मॅनेजरकडे गेली. बबनभाऊ त्यांचं नाव, पान खाऊन बोलतात, त्याच्यामुळं प्रत्येक वाक्याच्या आधी थोडं थांबा लागते.

बबनभाऊ थुंकून आले अन म्हणाले, "कर बाई. ऑफिसातला जुना कॉम्प्युटर घे. पण एक गोष्ट. बंद नाई पडलं पाहिजे. एकदा जरी बंद पडलं ना, लोक पुन्हा तुह्या मेसेजले इचारत नाईत. वाकळा घेऊन येतीन अन गेटवर झोपतीन. मंग तू कितीबी चांगलं बनव."

घरी याडीले सांगतलं तर ती चुलीपुढून उठली बी नाही. "माणसाचा नंबर माणसानंच धरून ठेवा लागते, छोरी. मशीन कोणासाठी जागी राह्यते?"

ते वाक्य माह्या मनात काट्यासारखं बसलं. सारं जिन एकीकडे, अन याडीची वाकळ एकीकडे. ती वाकळ घरी राह्यली पाहिजे, बस. मले बाकी काहीच जिंकायचं नव्हतं.

प्रोग्राम लिहिणं तर मले येत होतं. मी लिहिते बी भसाभस, बोटं माह्या पुढं पळतात. पण प्रोग्राम हवेत चालत नाही ना. त्याले बसायले जागा लागते, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, सर्व्हरची जमीन म्हणा. अन त्या जमिनीवर एक चूल लागते, जिच्यावर आपला प्रोग्राम शिजते. त्याले रनटाइम म्हणतात. कणीक तीच असली तरी चूल बदलली का भाकर करपते. कोणती जमीन, कोणती चूल, हे आधी ठरवा लागते. अन जिनाचा एक कायदा होता, कुठं लिहिलेला नाही पण सगळ्यांले पाठ. खंडेनवमीले मशीनींची पूजा झाली, का त्याच्यानंतर शेवटची गाठ बांधेपर्यंत कोणत्याच मशीनले नवीन चीज लावायची नाही. पट्टा तुटला तर पट्टा बदला, पण तसाच, त्याच मापाचा. नवीन प्रयोग पूजेच्या आधी करा, नाहीतर पुढच्या सालाले. बबनभाऊनं डब्ब्याकडे बोट दाखवून म्हटलं, "हे बी मशीनच होय. हिले बी तोच कायदा."

म्हणजे पोळ्यापासून खंडेनवमीपर्यंत जे काय करायचं ते करा.

मी प्रज्ञाले फोन केला. प्रज्ञा माही कॉलेजची मैत्रीण, महागावची. ती माह्या एकदम उलटी. मी बोलणं संपवून चहा पिऊन कप विसळून येते, तोवर तिचं पहिलं वाक्य निघते. ती दोन ड्रेस घेऊन आमच्या तांड्यावर राहायले आली. भादव्याचे दिवस, आभाळ दुपारी बी अंधारून येये, जिनात मशीनी बंद, सारं शेड रिकामं. त्या रिकाम्या शेडच्या कोपऱ्यातल्या ऑफिसात आमी दोघी, एक टेबल, एक डब्बा, अन टिनावर पावसाचं मऊ मऊ बोलणं. आता आठवलं का वाटते, ते ऑफिस नव्हतंच, पाण्यात तरंगणारी छोटी डोंगी होती.

मी पहिले काय केलं असन? जमीन म्हणून सगळ्यात नवीन लिनक्स टाकलं! नुकतंच आलेलं, ताजं ताजं. चूल बी सगळ्यात नवी, पायथनचं एकदम कोरं व्हर्जन. काय सुंदर दिसे ते! पडद्यावर अशी जांभळी सावली पसरे, अक्षरं लोण्यावरून घसरल्यासारखी येत. मी प्रज्ञाले म्हटलं, "पाह्य ना व, कसं पळून राह्यलं!"

प्रज्ञानं पाह्यलं. मंग खिडकीबाहेर पाह्यलं. मंग म्हणाली, "पळून तर राह्यलं. काट्याचं काय?"

काटा म्हणजे गेटजवळचा मोठा वजनकाटा, ज्याच्यावर सारी गाडी चढते. गाडी काट्यावरून उतरली का पुढच्याले मेसेज जायले पाहिजे, म्हणून काट्याची केबल आमच्या डब्ब्यात लावलेली. नव्या सिस्टीमले काटा दिसेच ना. केबल लावली का एक क्षण दिसे अन गायब. मी केबल काढली, पुसली, फुंकली, पुन्हा लावली. गायब.

"काहून व?"

"नवी सिस्टीम समजून राह्यली का ही केबल दुसऱ्याच कोणत्या मशीनची आहे," प्रज्ञा म्हणाली. "ती पकडून नेते तिकडं. अन काटा वाचायचा जो प्रोग्रामचा तयार तुकडा आहे ना, तो या नव्या पायथनवर अजून चढतच नाही. बनवणाऱ्यानं अजून बनवलाच नाही."

"मंग जुगाड करू! मी करते, आत्ता करते!"

"कर. तुले येते जुगाड." ती शांतपणे शेंगदाणे सोलत होती. "अन पुढच्या अपडेटले जुगाड उडालं, तर गेटवर तू झोपशीन का याडी?"

मले असा राग आला! कारण तिचं बरोबर होतं, अन ती शेंगदाणे खात होती.

मंग आमी जुनं टाकलं. जुनं म्हणजे भंगार नाही. दोन सालापूर्वीचं, पण बनवणाऱ्यांनी सांगून ठेवलेलं का याले अजून काही वर्षं आमी सांभाळू, भोकं बुजवत राहू, पण रूप बदलणार नाही. ज्याच्या चुका जगातल्या कोणाकोणाले आधीच सापडल्या, त्यांनी शिव्या घातल्या, अन त्या दुरुस्त झाल्या. चूल बी त्याच्याच सोबत आलेली घेतली, बाहेरून वेगळी आणून बसवली नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप येऊ द्यायच्या, पण नवं व्हर्जन आपल्या मनानं चढू द्यायचं नाही. पडदा आता फिका करडा दिसे. जांभळी सावली गेली. मी थोडी उदास झाली, खरं सांगते. पण केबल लावली, अन काटा दिसला. लावून ठेवली, चहा पिऊन आली, अजून बी दिसत होता. संध्याकाळ झाली, दिसत होता. त्या दिवशी पहिल्यांदा मले समजलं, का एखादी गोष्ट जिथं ठेवली तिथंच सापडणं हे बी सुंदर असू शकते. गोठ्यातल्या खुंटीसारखं. अंधारात हात नेला तरी खुंटी हातात येते.

त्याच्यानंतरचे दिवस म्हणजे निव्वळ मजा. आमच्याकडे लाईन, म्हणजे वीज, जाते, हे काय सांगायची गोष्ट नाही. डब्बा मध्येच मेला तर उठून आपोआप जागेवर आला पाहिजे, त्याच नंबरवर, कोणाले हाका न मारता. ते कसं तपासायचं? प्लग ओढून!

"ओढू?" प्रज्ञा विचारे.

"ओढ!"

फट्‌. पंखा थांबे, पडदा काळा. बाहेर पावसाचा आवाज एकदम मोठा होये. आमी दोघी श्वास धरून बसू. मंग प्लग लावू, अन करड्या पडद्यावर पांढऱ्या ओळी चढत जात, वावरात सकाळी एकामागं एक बाया उतरतात तशा. शेवटी आमची यादी येये, जिथं होती तिथंच. मी टाळ्या वाजवे. एकदा याडी आमचा जेवणाचा डबा घेऊन आली तर प्रज्ञा प्लग ओढत होती.

"तुमी दोघी हे बनवून राह्यल्या का बिघडवून राह्यल्या?"

"बिघडवून पाहून राह्यलो, याडी," प्रज्ञा म्हणाली. ती बी याडीले याडीच म्हणे.

याडी हसली. "माही सासू मले अशीच पाहे."

खंडेनवमी आली. अन पाहा ना, इथं आमी सगळ्यांनी मिळून ते केलं जे फक्त आमच्याच जिनात होऊ शकते. मशीनी धुतल्या, हळदकुंकू लावलं, प्रत्येक मशीनले झेंडूचा हार. बबनभाऊनं आमच्या डब्ब्यासाठी सगळ्यात मोठा हार आणला, मधात आंब्याची पानं ओवलेला. "नवी सून होय ही," म्हणाले. समोर घातला तर तो बाजूचा पडदा बी झाकून टाके. म्हणून त्यांनी मागून गुंडाळला, पाठीवर दोन पदर देऊन घट्ट. कुंकू लावलं. नारळ फोडला. मी फोटो काढला, प्रज्ञानं बी काढला. ती पाठीवरची जाळी, जिच्यातून पंखा गरम हवा बाहेर फेकते, ती कोणाच्याच डोक्यात आली नाही. देवाचं काम होतं ना ते.

दसऱ्याले मुहूर्ताची गाडी आली. मंग गाड्या, गाड्या, गाड्या. मेसेज जायले लागले. पहिले लोकांनी मेसेज बी पाह्यला अन वाकळ बी आणली. मंग हळूहळू काही वाकळा कमी झाल्या. गेटबाहेर रिकामी जमीन दिसायले लागली, तिच्यावर चिमण्या. मी सकाळी सकाळी जाऊन ती रिकामी जमीन पाहे. शेडमधून रुई उडे, ढगासारखी, अन उन्हाचा पट्टा तिच्यातून असा येये का वाटे आपण झोपेत चालून राह्यलो. याडी मात्र वाकळ घेऊनच येये. "तुह्या मशीनवर माहा भरवसा आहे," ती म्हणे, "पण थंडीवर नाही." मले समजे ती काय म्हणून राह्यली ते.

दिवाळीच्या आसपासची एक दुपार. ऊन कडक, यार्ड भरलेलं. मी काट्याजवळ उभी होती. एका ट्रॅक्टरवाल्या दादानं मोबाईल हलवला. "ताई, मेसेज नाई आला व." दुसरा म्हणाला, "मलेबी नाई." मंग तिसरा, जो बोलायले नको ते बोलला: "गेलं वाटते."

ते "गेलं" असं पसरलं का काय सांगू. घरी थांबलेल्यांले फोन गेले. गाड्यांची इंजिनं सुरू झाली, सगळ्यांची तोंडं गेटकडे. मी ऑफिसात पळत गेली. डब्बा बंद. हात लावला तर तवा! माह्या डोळ्यापुढं भादवा, पाऊस, शेंगदाणे, सगळं फिरलं. आमी बरोबर निवडलं होतं ना? ते नवंच बरं होतं का? बोटं तर अशी शिवशिवत होती, आत्ता काहीतरी टाकू, काहीतरी बदलू!

प्रज्ञा मागून आली. तिनं डब्बा भिंतीपासून ओढला, अन आमी दोघी पाहातच राह्यलो. हार वाळून काळा पडलेला, अन त्याच्यावर दसऱ्यापासूनची रुई येऊन बसलेली, थरावर थर, अशी दाट, का डब्ब्याच्या पाठीवर एक छोटीशी वाकळच शिवल्यासारखी. बिचारा गुदमरून निजला होता.

प्रज्ञानं हार काढला. बबनभाऊ दारातून ओरडले, "देवाचा हार आहे थो! हंगाम संपल्याबिगर काढत नाईत!"

"भाऊ, देवाले बी श्वास लागत असन ना," प्रज्ञा म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती पटकन बोलली.

बबनभाऊनं पान गिळलं.

आमी जाळी पुसली. पुठ्ठ्यानं वारा घातला, लेकराले घालते तसा. मी बटनावर बोट ठेवलं अन खिडकीतून पाह्यलं, तर गेटवर याडी. कोणाच्या तरी फोनवरून तिले समजलं होतं. खांद्यावर लाल वाकळ, हातात कॅन. रांगेत जागा शोधत होती.

मी बटन दाबलं.

पांढऱ्या ओळी चढायले लागल्या. एकामागं एक, बिलकुल घाई नाही. मले त्या ओळींवर ओरडावं वाटे, चल ना व! पण त्या आपल्या चालीनं आल्या, भादव्यात आल्या होत्या तशाच. सिस्टीम, मंग चूल, मंग काटा, मंग यादी. अन यादी तिथंच होती. जिच्यावर थांबली होती त्याच गाडीवर. आमी काहीच केलं नाही. काहीच करायले लागलं नाही. यार्डात कुठंतरी एक मोबाईल वाजला, मंग दुसरा, मंग असे वाजत गेले, संध्याकाळी पाखरं झाडावर येतात तसे. इंजिनं बंद होत गेली. ट्रॅक्टरवाला दादा म्हणाला, "आलं बे! माहाच नंबर आहे!"

याडीचा फोन बी वाजला. ती ऑफिसात आली अन मेसेज माह्याकडून वाचून घेतला. तिची पाळी उद्या सकाळी, ऊन चढल्यावर.

"मंग मी जाऊ का घरी?"

इतका साधा प्रश्न. पण ती मले विचारत नव्हती. ती माह्यातून त्या डब्ब्याले, त्या करड्या पडद्याले, त्या न पळणाऱ्या सिस्टीमले विचारत होती. अन उत्तर मले द्यायचं होतं. "जा, याडी."

तिनं कॅन खाली ठेवली. मंग वाकळ खांद्यावरून काढली अन माह्या हातात दिली. "ही राहू दे तुह्याजवळ. मशीन बंद पडलं, तर गेटवर तू झोप."

प्रज्ञा इतकी हसली, इतकी हसली!

तवापासून ती वाकळ ऑफिसात आहे, डब्ब्याच्या बाजूच्या खुर्चीवर, घडी घालून. गहाण ठेवल्यासारखी. मी पुढं यवतमाळले नोकरीले लागली, हंगामाले मात्र इथं येते. प्रज्ञा नागपूरले गेली. पूजेले डब्ब्यावर आता एकच फूल ठेवतात, वर, बिलकुल मधात. नव्या माणसाले बबनभाऊ स्वतः सांगतात, "मागून झाकायचं नाई, श्वास घेते थे."

अन या पावसाळ्यात ती वेळ आलीच. त्या जुन्या सिस्टीमची सांभाळायची मुदत संपली, आता तिची भोकं कोणी बुजवणार नाही. पुन्हा निवडा. बाजारात एकदम ताजं व्हर्जन आलेलं, त्याचा पडदा तर काय सांगू, पहाटेसारखा! मी पाह्यला. मन भरून पाह्यला, मेळ्यातला पाळणा पाहते तसा. मंग त्याच्या आधीचं घेतलं, जे दोन साल जगात फिरून आलेलं आहे. केबल लावली. काटा दिसला. प्रज्ञाले व्हिडिओ कॉल लावून डब्ब्यासमोर ठेवलं, अन प्लग ओढायले बबनभाऊ.

"ओढू का व?"

"ओढा भाऊ!" ती तिकडून ओरडली.

आज हंगाम चालू होऊन बरेच दिवस झाले, अन सांगण्यासारखं काहीच झालं नाही. हे वाक्य मले लिहितानी किती गोड लागून राह्यलं म्हणून सांगू! काहीच झालं नाही. गेटबाहेरची जमीन रिकामी आहे, चिमण्या आहेत, रुईचा एक ढग शेडमधून निघून बाभळीकडे चालला आहे. मी इथंच बसून हे टाइप करून राह्यली, बाजूले करडा पडदा, खुर्चीवर वाकळ. तिच्या आरशात छताचा पंखा फिरते, छोटा छोटा.

मघाशी याडीचा फोन आला. मले वाटलं नंबराचं विचारते. तर नाही.

"छोरी, माही वाकळ घेऊन ये संध्याकाळी. थंडी पडून राह्यली, घरी लागते."

"अन मशीन बंद पडलं तर?"

"कायले पडते आता," ती म्हणाली, अन तिकडं भाकर करपत होती म्हणून फोन ठेवून दिला.